चित्रपटाचा बोनस

चित्रपट जुना झाला म्हणजे त्याचे पुढे काय होते, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. पुस्तक जुने झाले तर वाचनालयाच्या कपाटात जाऊन बसते. नाटक जुने झाले तर त्याची संहिता उरते आणि नवी मंडळी ती पुन्हा उभी करतात. चित्रपट मात्र पडद्यावरून उतरला की रिळांच्या पेट्यांत बंद होऊन पुढच्या गावी जाई, आणि शेवटच्या गावाहून तो कोठे गेला याचा पत्ता प्रेक्षकाला लागत नसे. गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत ही स्थिती पालटली. कॅसेट, व्हीसीडी, डीव्हीडी अशा पायऱ्या चढत जुना चित्रपट घरात आला. त्याच्या पाठोपाठ आणखी एक वस्तू आली. व्यापारी लोक तिला ‘बोनस’ म्हणतात. चित्रपट कसा झाला, कोणी केला, त्यातले काय गाळले, काय जळले, काय वाचले, याची हकीकत सांगणारी ही पुरवणी होय.

बोनस हा शब्द आम्हा कामगार चळवळीतल्या माणसांच्या रोजच्या व्यवहारातला. मुंबईच्या गिरणी कामगारांनी १९२४ साली सार्वत्रिक संप केला तो बोनसच्याच प्रश्नावर. मालकांचे म्हणणे असे की, बोनस ही आमची खुशीची देणगी. दिली तर दिली. कामगारांचे म्हणणे असे की, आमच्याच श्रमाचा जो भाग हातात पडायचा राहिला, तो हा बोनस. पुढे १९६५ साली संसदेने बोनसचा कायदा केला आणि खुशीची गोष्ट हक्काची झाली. चित्रपटाच्या बोनसविषयी मला जे सांगावयाचे आहे ते याच वादाला धरून आहे. तबकडीवरची ही पुरवणी गिऱ्हाईक खूश व्हावे म्हणून वर घातलेली चिमूटभर साखर आहे, की चित्रपट करणाऱ्यांची आणि पाहणाऱ्यांची जुनी थकबाकी आहे? माझे मत दुसऱ्या बाजूचे आहे, आणि ते का, हे क्रमाने मांडतो.

प्रथम वस्तू समजून घेऊ. चित्रपटाचे मूळ रूप म्हणजे पस्तीस मिलिमीटर रुंदीची फीत. तिच्या एका फुटात सोळा चित्रे बसतात, आणि बोलपटात दर सेकंदाला चोवीस चित्रे डोळ्यांपुढून जातात. म्हणजे एक हजार फुटांचे रीळ सुमारे अकरा मिनिटे चालते. प्रभातचा ‘संत तुकाराम’ सुमारे १३१ मिनिटांचा आहे. हिशेब केला तर जवळजवळ बारा हजार फूट फीत झाली. इतकी फीत, ती चालविणारे यंत्र, अंधारी जागा आणि जाणता ऑपरेटर एवढे जमले तरच चित्रपट दिसणार. मराठवाड्यातल्या आपल्यासारख्या गावांतला प्रेक्षक टॉकीजच्या किंवा जत्रेतल्या तंबूच्या मर्जीवर असे. आवडलेला प्रसंग पुन्हा पाहावयाचा तर पुन्हा तिकीट काढा, आणि खेळ गावातून हलला की आठवणीवर भागवा. ज्ञानेश्वरी वाचणारा माणूस एखाद्या ओवीवर चार दिवस अडून बसू शकतो. चित्रपट पाहणाऱ्याला ती सोय नव्हती. पुन्हा पाहणे, थांबून पाहणे, मागे जाऊन पाहणे हे सारे थोड्या लोकांपुरते होते.

१९७६ साली जपानमध्ये व्हीएचएस पद्धतीची कॅसेट बाजारात आली. आपल्याकडे १९८२ च्या दिल्लीतील आशियाई खेळांच्या सुमारास रंगीत दूरदर्शन संच आले आणि पाठोपाठ व्हिडिओ आला. संच भाड्याने आणावा, चार घरांनी वर्गणी काढावी आणि एका रात्रीत दोन-तीन चित्रपट पाहावेत, हे आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. कॅसेटमधली फीत चुंबकीय असते. ती दर खेपेस यंत्राला घासून जाते. म्हणून पाहिली जाते तसतशी झिजते. तरीही थांबण्याची आणि मागे जाण्याची सोय सामान्य माणसाला प्रथम मिळाली ती तिच्यामुळेच.

नंतर तबकडी आली. १९९३ साली व्हीसीडीची पद्धत ठरली. तीत चित्र आकड्यांच्या रूपाने साठवितात आणि प्रकाशकिरणाने वाचतात. त्यामुळे घासण्याची कटकट गेली. परंतु जागा थोडी. मग एक युक्ती केली. समजा, पडद्यावर माणूस बोलत आहे आणि मागची भिंत तशीच आहे. तर भिंत पुन्हा पुन्हा न साठविता, जेवढे हलले, बदलले तेवढेच नोंदवावयाचे. या काटकसरीने एका तबकडीवर सुमारे ७४ मिनिटांचे चित्र मावू लागले. काटकसरीची किंमतही मोजावी लागली. अंधाऱ्या प्रसंगात किंवा फार हालचालीत चित्राचे चौकोन-चौकोन दिसू लागतात, ते याच कारणाने. आपल्याकडच्या व्हीसीडीचे चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचे, म्हणजे सुमारे एक लाख ठिपक्यांचे. १९९६ साली जपानमध्ये प्रथम विक्रीस आलेल्या डीव्हीडीचे चित्र ७२० बाय ५७६, म्हणजे चार लाखांहून अधिक ठिपक्यांचे. तिच्या एका थरावर ४.७ गिगाबाइट माहिती मावते. साध्या सीडीच्या सहा-सातपट. शिवाय एकाच चित्राला आठपर्यंत निरनिराळे ध्वनिपट आणि बत्तीसपर्यंत निरनिराळ्या भाषांच्या ओळी जोडता येतात.

हे आकडे मी उगाच सांगत नाही. पुरवणीचा प्रश्न प्रथम जागेचा प्रश्न आहे. ‘संत तुकाराम’ व्हीसीडीवर घालावयाचा तर दोन तबकड्या चित्रपटानेच भरत आल्या. पुरवणीला जागा कोठून असणार? आपल्या बाजारात चलती होती ती व्हीसीडीची, कारण तिचे यंत्र स्वस्त आणि तबकडीही स्वस्त. २००६-०७ च्या सुमारास मोझर बेअर या कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकण्यास सुरुवात केली, तेव्हा चित्रपट भाजीच्या भावात आला. ही लहान गोष्ट नव्हे. कारखान्यातला माणूस एका दिवसाच्या रोजातून चित्रपट विकत घेऊन घरी ठेवू शकला. मात्र जो चित्रपट आला तो बहुधा उघडाच आला. मागेपुढे काही हकीकत नाही, पुस्तिका नाही, नावे नाहीत.

आता पुरवणी म्हणजे नेमके काय ते पाहू. १९८४ साली अमेरिकेतील क्रायटेरियन या संस्थेने ‘किंग काँग’ या १९३३ सालच्या चित्रपटाची लेसर-तबकडी काढली. त्या तबकडीवर आवाजाच्या दोन वाटा होत्या आणि जुन्या बोलपटाला एकच लागे. दुसरी वाट रिकामी पडली होती. तिच्यावर रोनाल्ड हेव्हर या चित्रपटाच्या अभ्यासकाने चित्रपट चालू असतानाच त्याची माहिती सांगितली. कीर्तनकार पूर्वरंगात एक ओवी घेतो आणि तिचे पदर उलगडीत जातो, तसाच हा प्रकार. येथून समालोचनाची प्रथा पडली. पुढे डीव्हीडीवर जागा वाढली आणि पुरवणीला अनेक अंगे फुटली: कलावंत व तंत्रज्ञांच्या मुलाखती, गाळलेले प्रसंग, चित्रपट करताना टिपलेली दृश्ये, खराब झालेली फीत दुरुस्त कशी केली याची हकीकत, आणि सोबत छापील पुस्तिका.

परंतु ही कल्पना अमेरिकेतून आली असे मात्र समजू नये. दादासाहेब फाळके यांनी १९१७ साली ‘चित्रपट कसे तयार करतात’ या विषयावरच एक लघुपट काढला होता, आणि त्याचा काही भाग आजही उपलब्ध आहे. त्यात फाळके स्वतः कलावंतांना काम समजावून देताना आणि फीत हाताळताना दिसतात. ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कोरोनेशनमध्ये लागला तो ३ मे १९१३ रोजी. त्यानंतर चारच वर्षांत त्या माणसाला वाटले की, लोकांना नुसती करामत दाखवून भागणार नाही, करामत कशी होते तेही दाखविले पाहिजे. जादूगार आपली पेटी उलटी करून दाखवीत नाही, कारागीर दाखवितो. फाळके स्वतःला कारागीर समजत होते, याचा याहून चांगला पुरावा नाही.

त्यांच्या कामाचा प्रकारही कारखान्याचाच होता. चित्रपटाचा धंदा तेव्हा हलका समजला जाई; म्हणून आपल्या माणसांना ते सांगत की, कोणी विचारले तर हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत काम करतो असे सांगा. परेश मोकाशी यांच्या २००९ सालच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ या चित्रपटाचे नाव यावरूनच आले आहे. त्या फॅक्टरीतले हात कोणाचे होते? तारामतीची भूमिका करावयास बाई मिळेना, तेव्हा ग्रँट रोडवरच्या उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके मिळाले. तेथे त्यांना दरमहा दहा रुपये मिळत. फाळक्यांनी पंधरा देऊ केले. सरस्वतीबाई फाळके सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करीत, उन्हात पांढरी चादर धरून उभ्या राहत आणि कोऱ्या फितीच्या कडेला यंत्राने भोके पाडीत. ही भोके नसतील तर फीत कॅमेऱ्यातून सरकतच नाही. प्रेक्षकांना तारामती दिसली. भोके पाडणारा हात दिसला नाही. तो दाखविणे हेच पुरवणीचे काम.

आता ‘संत तुकाराम’कडे येऊ, कारण मराठी माणसाच्या घरात आलेल्या जुन्या चित्रपटांत त्याचा मान मोठा आहे. प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली कोल्हापुरात निघाली, १९३३ साली पुण्यास आली आणि १९५३ साली बंद पडली. विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट १९३६ सालचा. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा खास गौरव झाला. दामले आणि फत्तेलाल दोघेही कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झालेले; हाताने काम करीत करीत शिकलेले. याच चित्रपटात एक पद आहे. ते इतके तुकोबांच्या वळणाचे उतरले की, लोक ते गाथेतलेच अभंग समजू लागले आणि काहींनी ते गाथेत शोधलेही. ते लिहिले होते शांताराम आठवले यांनी, आणि संगीत केशवराव भोळे यांचे. कवीला याहून मोठी पावती कोणती? पण एका अर्थी कवीचे नाव यातच बुडाले. ज्या तबकडीवर पुरवणी नाही, ती पाहणारा माणूस आजही तीच समजूत मनात घेऊन उठतो.

आमच्या युनियनच्या कचेरीत काही वर्षांपूर्वी हा चित्रपट व्हीसीडीवर दाखविला होता. रोलिंग मिलमधली पंधरा-वीस मंडळी होती. शेवटी तुकोबा विमानात बसून वैकुंठाला जातात. बहुतेकांनी हात जोडले. भट्टीवर काम करणारा एक जण मात्र म्हणाला, “भाऊ, हे इमान वर ओढायला माणसं किती लागली असतील हो? अन् वरून कोणी पडलं-बिडलं तर?” कोणी हसले, पण प्रश्न हसण्यासारखा नव्हता. जो रोज क्रेनखाली उभा राहतो त्याला दोर दिसतोच. त्याच्या भक्तीला त्यामुळे बाध येत नाही. उलट, आपल्यासारख्याच माणसांनी हे घडविले, ही जाणीव झाली म्हणजे चित्रपट त्याला अधिक जवळचा होतो. आमच्यापाशी होती त्या तबकडीवर या प्रश्नाचे उत्तर नव्हते.

जुन्या चित्रपटांच्या आरंभी नामावली असते हे खरे. परंतु तीत खातेप्रमुखांची नावे येतात. सुतार, रंगारी, दिवे धरणारे, रसायनशाळेत फीत धुणारे, कपडे शिवणारे यांची नावे क्वचितच. कारखान्यात मस्टरवर नाव नसलेला माणूस कामावर होता हे सिद्ध करताना आम्हांला किती यातायात पडते, हे मी जाणतो. चित्रपटाच्या धंद्यातही तेच. संसदेने १९८१ साली चित्रपट कामगारांसाठी आणि चित्रपटगृहांतल्या कामगारांसाठी कायदे केले. म्हणजे फाळक्यांच्या पहिल्या चित्रपटानंतर अडुसष्ट वर्षांनी. कायदा आला तो पुढच्यांसाठी. मागे होऊन गेले त्यांचे मस्टर कोण लिहिणार? ते लिहावयास पुरवणीसारखी दुसरी जागा नाही.

येथे कोणी म्हणेल, पुरवणी नंतर करू. चित्रपट तर आहे ना? दुर्दैवाने तसेही नाही. आपल्याकडे सुमारे तेराशे मूकपट निघाले असा अंदाज आहे. त्यांतले पूर्ण स्वरूपात उरलेले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. ‘राजा हरिश्चंद्र’ची पहिली आणि शेवटची अशी दोनच रिळे आज आहेत, आणि तीही फाळक्यांनी १९१७ साली पुन्हा काढलेल्या चित्रपटाची असावीत असे काही अभ्यासकांचे मत आहे. १९३१ सालचा ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट नाहीसा झाला आहे. त्याच्या पुढच्या वर्षीचा प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ वाचला. बाबूराव पेंटरांचा ‘सावकारी पाश’ हा १९२५ सालचा मूकपट घ्या. कर्जात बुडालेला शेतकरी जमीन गमावून शहरात मजुरीला जातो, ही त्याची कथा. आपल्या मराठवाड्यातल्या किती घरांची ती कथा आहे! तो मूकपट आज पाहावयास मिळत नाही. १९३४ साली मुंबईत ‘मजदूर’ नावाचा चित्रपट निघाला. कथा प्रेमचंदांची, विषय गिरणीतला संप. मुंबईत त्याच्यावर बंदी आली, आणि आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. कामगारावरचा इतका महत्त्वाचा चित्रपट कामगाराच्या नातवाला पाहता येत नाही.

चित्रपट नाहीसे होण्याची कारणे साधी आहेत. १९५० च्या सुमारापर्यंतच्या फिती नायट्रेटच्या असत. नायट्रेट भडका उडविणारा पदार्थ. पेटला तर पाण्याखालीही जळतो, कारण लागणारा प्राणवायू तो स्वतःच पुरवितो. न पेटला तरी उष्ण आणि दमट हवेत तो कुजतो. शिवाय फितीत चांदी असते. खेळ संपला की ती काढण्यासाठी फिती विकल्या गेल्या. पुण्यात प्रभातच्याच जागेत १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली आणि १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. तेथे पी. के. नायर यांनी गावोगाव फिरून, गोदामे धुंडाळून चित्रपट जमविले. शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांनी २०१२ साली ‘सेल्युलॉइड मॅन’ या नावाचा अनुबोधपट त्यांच्यावर काढला. एका अर्थी साऱ्या भारतीय चित्रपटाचीच ती पुरवणी होय. पण ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात नायट्रेट फितींच्या गोदामाला आग लागली आणि अनेक चित्रपटांच्या मूळ फिती जळाल्या. ज्यांच्या प्रती सुरक्षित फितीवर आधीच उतरविल्या होत्या, ते चित्रपट वाचले. वाचले ते प्रतींमुळे, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

जळालेल्या फितीचेही काय करता येते ते सत्यजित राय यांच्या अपू-त्रयीच्या उदाहरणावरून कळते. १९९३ साली लंडनमधील रसायनशाळेला आग लागून या तीन चित्रपटांच्या मूळ फिती होरपळल्या. वीस वर्षे त्या निरुपयोगी म्हणून ठेवलेल्या होत्या. पुढे इटलीत बोलोन्या येथील कारागिरांनी ठिसूळ झालेली फीत ओलावा देऊन मऊ केली, वितळलेला डिंक आणि चिकटपट्ट्या सोडविल्या, कडेची मोडलेली भोके पुन्हा बसविली. सुमारे हजार तास हे काम हाताने चालले होते. ‘पथेर पांचाली’चा सुमारे चाळीस टक्के आणि ‘अपराजितो’चा साठ टक्क्यांहून अधिक भाग त्यांनी मूळ फितीतून परत मिळविला, बाकीचा इतर प्रतींवरून घेतला. २०१५ साली हे चित्रपट नव्या तबकड्यांवर आले. त्यांच्याबरोबर कलावंतांच्या मुलाखती आल्या आणि या दुरुस्तीची हकीकतही आली. १९१३ साली सरस्वतीबाईंनी भोके पाडली त्याची नोंद आपल्याला इकडून तिकडून गोळा करावी लागते. २०१५ साली ज्यांनी भोके जोडली त्यांचे काम तबकडीवरच दिसते. दोन्ही कामे सारख्याच मोलाची. दुसऱ्याला त्याची थकबाकी मिळाली, एवढाच फरक.

दुसरे उदाहरण आपल्या शेजारचे. श्याम बेनेगल यांचा ‘मंथन’ हा १९७६ सालचा चित्रपट गुजरातच्या पाच लाख दूध-उत्पादक शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये घालून उभा केला. मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनने त्याचा जीर्णोद्धार केला आणि २०२४ साली तो कान महोत्सवात दाखविला गेला. दूध घालावयास येणाऱ्या माणसाने चित्रपटाचा मालक व्हावे ही हकीकत कळल्यावर तो चित्रपट निराळाच दिसू लागतो. पुरवणी चित्रपटाच्या बाहेर असते हे खरे, पण पाहणाऱ्याची नजर ती आतूनच बदलते.

आता एक आक्षेप घेतला जातो, आणि तो वजनदार आहे. कलाकृती स्वतःच्या पायावर उभी राहिली पाहिजे. दोर, फळ्या आणि रंगाचे डबे दाखविले तर रसभंग होतो. मला हे अर्धे मान्य आहे. पहिल्यांदा चित्रपट पाहावा तो कसलीही पुरवणी न लावता, अंधारात, सलग. ‘कुंकू’ या १९३७ सालच्या चित्रपटात शांतारामबापूंनी पार्श्वसंगीत टाळले आणि घड्याळाची टिकटिक, रस्त्यावरचे आवाज असे नैसर्गिक ध्वनीच वापरले. हे आधी सांगितले तर श्रोता आवाजच मोजीत बसेल. पण चित्रपट संपल्यावर हे कळले म्हणजे तो पुन्हा लावावासा वाटतो, आणि त्या तरुण बायकोचा कोंडमारा कानांनीही कळतो. रसभंग होतो तो वेळ चुकली तर. ज्ञानाने रस आटतो असे मी मानीत नाही. तसे असते तर संगीत शिकलेल्या माणसाला गाणे आवडलेच नसते. शिवाय ज्यांना महाविद्यालयात जाता आले नाही त्यांच्यासाठी अशी पुरवणी हाच वर्ग असतो. फी नाही, प्रवेशपरीक्षा नाही, आणि कळले नाही तर तोच धडा मागे जाऊन दहादा ऐकता येतो.

दुसरा आक्षेप व्यवहारातला आहे. तबकडीचा जमाना गेला. मग हे सारे कशासाठी? खरेच गेला. चित्रपट स्वस्त करणारी ती मोझर बेअर कंपनी २०१८ साली दिवाळ्यात निघाली, आणि तबकडी चालविणारी यंत्रे घराघरांत माळ्यावर पडली आहेत. आज चित्रपट मोबाइलवर दिसतो. सोय झाली यात शंका नाही. पण दोन गोष्टी निसटल्या. एक, विकत घेतलेली तबकडी आपल्या मालकीची होती. मोबाइलवरचा चित्रपट भाड्याच्या खोलीसारखा आहे, करार संपला की एका रात्रीत दिसेनासा होतो. दोन, तेथे पुरवणी क्वचितच मिळते. उलट नामावली लागली की ती आक्रसते आणि पुढचा चित्रपट आपोआप सुरू होतो. नामावलीच्या वेळी उठून जाण्याची आपली खोड यंत्रानेही उचलली.

सरकारी पातळीवर काम चालू झालेले आहे. राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियानाखाली सुमारे २,२०० चित्रपटांच्या जीर्णोद्धाराची घोषणा २०२२ साली पुण्यात झाली. फिती दुरुस्त होतील. त्या पैशाने होतात. माणसांचे तसे नाही. जब्बार पटेल यांचा ‘सिंहासन’ हा १९७९ सालचा चित्रपट आम्हा युनियनवाल्यांच्या विशेष आवडीचा, कारण त्यात डिकास्टा नावाचा कामगार पुढारी आहे. ती भूमिका करणारे सतीश दुभाषी १९८० साली गेले, अरुण सरनाईक १९८४ साली, निळू फुले २००९ साली. ज्यांच्या कादंबऱ्यांवर तो बेतला ते अरुण साधू २०१७ साली आणि डॉ. श्रीराम लागू २०१९ साली. ही झाली नामवंतांची गोष्ट. त्यांच्या मुलाखती कोठे ना कोठे आहेत. ज्यांनी त्या चित्रपटाचे दिवे धरले त्यांना कोण विचारावयास गेले?

म्हणून शेवटी जालन्यापुरते बोलतो. मोठ्या कंपन्या पुरवणी काढतील तेव्हा काढोत. आपल्या हाती जे आहे ते आपण करू शकतो. २०१६ साली शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा अनुबोधपट काढला. महाराष्ट्रातल्या जत्रांतून तंबू टॉकीज चालविणाऱ्यांची आणि जुनी यंत्रे दुरुस्त करणाऱ्याची ती हकीकत कान महोत्सवापर्यंत पोहोचली. तसली माणसे आपल्या जिल्ह्यातही आहेत. कार्बनच्या कांड्यांवर यंत्र चालविलेले ऑपरेटर, भिंतीवर पोस्टर रंगविणारे पेंटर, टांग्यात भोंगा लावून गावभर खेळ पुकारणारे, तिकीट फाडणारे डोअरकीपर, रिळाच्या पेट्या स्टेशनवरून आणणारे हमाल. त्यांतले बरेच सत्तरी ओलांडलेले आहेत. प्रत्येकाच्या खिशात आता ध्वनी आणि चित्र टिपणारा मोबाइल आहे. अशा एकेका माणसासमोर तासभर बसावे आणि पाच प्रश्न विचारावेत: नाव काय, काम कोणते, शिकलात कोणापाशी, रोज किती होता, आणि धोका कसला होता. उत्तरे नीट लिहून, तारीख घालून वाचनालयात ठेवावीत. आणि एकच प्रत न ठेवता तीन ठिकाणी तीन ठेवाव्यात. २००३ सालच्या आगीचा धडा तोच आहे.

कायद्याचीही थोडी अनुकूलता आहे. आपल्याकडे चित्रपटावरचा हक्क तो प्रकाशित झाल्याच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षे टिकतो. प्रभातच्या काळातले चित्रपट या मुदतीच्या पलीकडे गेले आहेत. पदांचे आणि संगीताचे हक्क मात्र निराळे असतात, ते तपासून घ्यावेत. तेव्हा एखाद्या वाचनालयाने वर्षातून चार जुने मराठी चित्रपट दाखवावेत, आणि प्रत्येकानंतर अर्धा तास एखाद्या जाणत्या शिंप्याला, सुताराला, तबलजीला किंवा ऑपरेटरला बोलते करावे. कपडे कसे शिवले आहेत हे शिंप्याइतके कोण सांगणार? तबकडी नसली तरी ही पुरवणीच होय, आणि तिला खर्च चहाचा.

बोनसचा कायदा होण्यापूर्वी कामगारांना चाळीस वर्षे मागणी करावी लागली. मागणी करावयाची तर देणे किती आहे याचा हिशेब हाती लागतो. चित्रपटाच्या बाबतीत तो हिशेब काही वृद्ध माणसांच्या आठवणीत आहे, आणि दर वर्षी त्यातली काही पाने कमी होत आहेत. ती लिहून घेण्याचे काम जालन्यात बसूनही होण्यासारखे आहे. ते या वर्षीच सुरू व्हावे.